लाल मण्यांचा रंग सुटला तेव्हा: पाच माळांच्या एका मागणीचा अभ्यास

या प्रकरणातल्या कुणाचंही नाव दिलेलं नाही. कारागीर बाईंना सगळे ताई म्हणतात, तेच इथे ठेवलं आहे.

पार्श्वभूमी

ताई मूळच्या पुण्याच्या. वडील पटवेकरी. मंगळसूत्र, ठुशी, वज्रटीक गाठवून देणं आणि मोत्यांचे तुटलेले सर पुन्हा ओवणं हा घरचा धंदा. ताईंच्या हातात दहाव्या वर्षी सुई आली. लग्नानंतर त्या अमेरिकेत आल्या, नोकरी केली, मुलं मार्गाला लागली आणि पन्नाशीत त्यांनी पुन्हा मणी बाहेर काढले. आता जर्सी सिटीच्या शनिवारच्या बाजारात त्यांचं टेबल असतं. मी शेजारी राहते, त्यांचा हिशेब ठेवते आणि माळांबरोबरच्या इंग्रजी चिठ्ठ्या लिहून देते. पुढे जे झालं त्यात या चिठ्ठ्यांचा मोठा वाटा आहे.

जर्सी सिटीला लागून युनियन सिटी आहे. 1959 च्या क्रांतीनंतर क्यूबातून निघालेली पुष्कळ कुटुंबं तिथे स्थिरावली, आणि 1980 साली मारिएल बंदरातून बोटी सुटल्या तेव्हा आणखी माणसं आली. बर्गनलाइन अॅव्हेन्यूवर बोटानिका म्हणतात ती दुकानं दिसतात. मेणबत्त्या, औषधी पाला, मूर्ती आणि भिंतीवर टांगलेल्या रंगीत मण्यांच्या माळा. या माळांना एलेके म्हणतात. मूळ योरुबा शब्दाचा अर्थ मणी. आजच्या नायजेरिया आणि बेनिनमधली योरुबा माणसं गुलाम म्हणून क्यूबाच्या उसाच्या मळ्यांवर नेली गेली. त्यांतली फार मोठी संख्या एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात, योरुबांचं ओयो हे राज्य कोसळत असताना गेली. क्यूबात गुलामगिरी 1886 साली संपली. तोवर या माणसांनी आपल्या देवता कॅथलिक संतांच्या आड जपल्या होत्या. चांगो सांता बार्बराच्या मागे, ओचून कोब्रेच्या मातेच्या मागे, येमाया रेग्लाच्या मातेच्या मागे. या धर्माला लुकुमी म्हणतात, बाहेरचे लोक सांतेरिया म्हणतात.

प्रत्येक देवतेचे रंग आणि आकडे ठरलेले असतात. ओबाताला पांढरा. चांगो लाल-पांढरा, आकडा सहा. येमाया निळी आणि पारदर्शक, आकडा सात. ओचून पिवळी, मधाच्या रंगाची, आकडा पाच. एलेगुआ लाल-काळा, आकडा तीन. धर्मात पहिलं पाऊल टाकणाऱ्याला बहुतेक घरांत या पाच माळा मिळतात. त्या देणारी गुरुस्थानी असलेली बाई म्हणजे माद्रिना.

यातलं ताईंना आणि मला तेव्हा फक्त रंगांपुरतं ठाऊक होतं. ताईंना ती रंगसंगती मनापासून आवडली. त्यांनी फोटो पाहून माळा केल्या आणि मी इंटरनेटवर वाचून चिठ्ठ्या लिहिल्या. ‘ओचून: प्रेमाची देवी. ही माळ प्रेम खेचून आणते.’ ‘चांगो: धैर्य आणि संरक्षण.’ एका माळेची किंमत 38 डॉलर. माळा भराभर खपायला लागल्या.

जूनमध्ये एक म्हातारी बाई टेबलाशी थांबली. पिवळी माळ उचलून तिने बोटांवरून फिरवली, चिठ्ठी वाचली आणि तुटक इंग्रजीत विचारलं, “ह्या कुणी धुतल्या?” ताईंना वाटलं, स्वच्छतेबद्दल विचारते आहे. त्या म्हणाल्या, सगळे मणी साबणाने धुऊन घेतलेत. बाईने माळ जागेवर ठेवली आणि काही न बोलता निघून गेली. घरी आल्यावर ताईंनी मला ते सांगितलं. मी दुर्लक्ष केलं.

मागणी

ऑगस्टमध्ये विशीतली एक मुलगी आली. आई क्यूबन, पण घरात धर्म कुणी पाळत नव्हतं. तिला स्वतःला ओढ लागली होती आणि तिला माद्रिनाही मिळाली होती. एलेके घ्यायचा दिवस ठरला होता, माळा मात्र तिने स्वतः आणायच्या होत्या. तिला पाच हव्या होत्या, नाभीपर्यंत येतील अशा, बत्तीस इंची. सहा-शून्य मापाचे मणी धरले तर अशा एका माळेला साधारण तीनशे लागतात.

तिने एकच प्रश्न विचारला, “या विधीला चालतील ना?”

ताई “हो” म्हणाल्या. खोटं बोलायचा विचार त्यांच्या मनात नव्हता. रंग बरोबर, आकडे बरोबर, काम पक्कं, तेव्हा चालतील, एवढाच हिशोब. त्या “हो”बद्दल आम्ही नंतर पुष्कळ बोललो. विधीत या माळांचं काय होतं हे ठाऊक नसताना ते उत्तर द्यायचा आम्हाला अधिकार नव्हता. “तुमच्या माद्रिनांना एक माळ आधी दाखवून आणा” असं म्हटलं असतं, तर इथेच सगळं थांबलं असतं.

पाचही माळा मासेमारीच्या नायलॉन दोऱ्यावर ओवल्या गेल्या आणि मुलीने 190 डॉलर दिले.

काय बिघडलं

देण्याआधी एलेके पाल्याच्या पाण्यात धुतात. या पाण्याला ओमिएरो म्हणतात. वेगवेगळ्या वनस्पती हातांनी पाण्यात कुस्करतात, त्या वेळी गाणी म्हणतात, आणि माळा त्या पाण्यात ठेवतात. मण्यांची माळ एलेके होते ती तिथे.

विधीच्या दोन दिवस आधी, गुरुवारी रात्री, माद्रिनांनी माळा पाण्यात घातल्या. सकाळी चांगोच्या माळेतले पांढरे मणी गुलाबी झाले होते. एलेगुआच्या माळेतला लाल इतका उतरला होता की ठिकठिकाणी खालची दुधी काच दिसत होती.

शुक्रवारी मुलीचा फोन आला तेव्हा ती रडत होती. तिला भीती होती की चांगोनेच आपल्याला नाकारलं.

ताईंकडे त्याच पाकिटातले काही लाल मणी शिल्लक होते. आम्ही लगेच एक बशी घेतली, कापसाच्या बोळ्यावर नेलपॉलिश काढायचं द्रावण घेऊन चार मण्यांवरून फिरवला. बोळा कुंकवासारखा लाल झाला. मग मणी फोडून पाहिला तर आत पांढरी काच, रंग फक्त वरून चढवलेला. काचेतच उतरलेला लाल रंग सेलेनियम आणि कॅडमियम घालून येतो आणि महाग पडतो, म्हणून स्वस्त मालात लाल रंगाचीच फसवणूक जास्त होते. पिवळे, निळे आणि काळे मणी आम्ही त्याच बोळ्याने पुसले, ते तसेच राहिले. ताई चाळीस वर्षं मणी हाताळतात आणि सोनं कसोटीवर घासून पाहणाऱ्या घरातल्या आहेत. मण्यांची कसोटी मात्र कधी केली नव्हती, कारण गळ्यातली माळ कुणी रात्रभर पाण्यात ठेवील असं मनातच आलं नव्हतं.

समोरचे मार्ग

त्या दुपारी आम्ही चहा घेऊन बसलो. मुलीचं म्हणणं होतं की ताईंनी रात्रीत दोन माळा नव्याने करून द्याव्यात, शनिवारचा मुहूर्त चुकायला नको. ताईंचीही तयारी होती. एका माळेला दीड-दोन तास, दोन माळा मध्यरात्रीपर्यंत झाल्या असत्या. पण चांगले लाल मणी कुठून आणायचे? 7 आणि 8 सप्टेंबर, येमाया आणि ओचूनचे दिवस, तोंडावर आले होते आणि जवळपासच्या दुकानांत मालाची ओढाताण होती.

माझं मत साधं होतं: पैसे परत करा, माफी मागा, या माळा टेबलावरून काढा आणि विषय संपवा. हिशेब ठेवणारीला तोटा एका ठिकाणी थांबलेला बरा वाटतो.

मी आणखी एक पळवाट सुचवली होती. माळा तशाच विकायच्या, फक्त चिठ्ठ्यांवरून देवतांची नावं काढायची. रंग कुणाच्या मालकीचे नसतात, असा माझा मुद्दा. ताई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “अगं, उद्या कुणी काळ्या मण्यांचा सर दोन वाट्यांसकट विकला आणि मंगळसूत्र म्हटलं नाही, तर तुला कळणार नाही का ते काय आहे?”

माझा तो मुद्दा तिथेच संपला.

चौथा मार्ग ताईंनीच काढला: त्या माद्रिनांना जाऊन भेटायचं. मी विरोध केला. त्या आधीच चिडलेल्या असतील, शिवाय भाषेची अडचण. ताई म्हणाल्या, “माल माझ्या हातचा आहे. तो कुणाच्या घरी जाऊन बिघडला, त्या घरी मला गेलं पाहिजे.” पटवेकऱ्याच्या धंद्यात हे असंच चालतं. गाठ सुटली की गिऱ्हाईक दुकानात येतं आणि पटवेकरी त्याच्या समोर बसून ती पुन्हा घालतो.

काय केलं

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही युनियन सिटीला गेलो. मुलगी दुभाषी. माद्रिना सत्तरीच्या पुढच्या, पांढऱ्या कपड्यांत. त्यांनी आधी कॉफी दिली. ताईंनी 190 डॉलरचं पाकीट टेबलावर ठेवलं आणि लाल मण्यांचं काय झालं ते बशी, बोळा आणि फोडलेला मणी दाखवून सांगितलं. माद्रिनांनी फोडलेला मणी दिव्याखाली धरून बराच वेळ पाहिला. मग त्या मुलीला काहीतरी म्हणाल्या आणि मुलगी पुन्हा रडायला लागली, पण या वेळी वेगळ्या तऱ्हेने. नंतर कळलं, त्या म्हणाल्या होत्या, चांगोने तुला नाकारलं नाही, या बाईंना मणी विकणाऱ्याने फसवलं.

विधी त्यांनी दोन आठवडे पुढे ढकलला. ताई रात्रभर बसायला तयार होत्या, माद्रिना नको म्हणाल्या. घाईत ओवलेलं त्यांना चालणार नव्हतं.

ताईंना ते बिघडलेले मणी परत हवे होते. घाऊक विक्रेत्याकडे भरपाई मागायची तर पुरावा लागणार. माद्रिनांनी ठाम नकार दिला. पाण्यात गेलेले मणी आता परत जात नाहीत, त्यांचं काय करायचं ते त्या बघतील. ताईंनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. पुढे विक्रेत्याने उरलेल्या मण्यांवरची आमची तक्रार “हे दागिन्यांचे मणी आहेत, भिजवायचे नाहीत” असं म्हणून फेटाळली आणि तो तोटा ताईंनी सोसला. माझ्या हिशेबात तो नुकसान म्हणून लिहिला आहे. ताईंना तो निर्णय आजही बरोबर वाटतो, आणि आता मलाही.

मग दोऱ्याचा विषय निघाला, आणि तिथे दोघी कारागिरांसारख्या भिडल्या. माद्रिनांना नायलॉन नको होता. दोरा सुती हवा, कारण सुताने पाणी प्यायला हवं. ताईंनी पर्समधून मेणाची वडी काढली: सूत चालेल, पण मेण लावून, नाहीतर काचेच्या भोकाची धार त्याला महिनाभरात कापील. माद्रिनांनी मान हलवली. मेण लावलेला दोरा पाणी पिणार नाही, मग धुण्याला अर्थ काय? ताईंना हे पटायला वेळ लागला. मेण न लावलेला दोरा म्हणजे त्यांच्या वडिलांच्या हिशोबाने अर्धवट काम. शेवटी तोड निघाली ती अशी: दोरा सुती, बिनमेणाचा, पण दुहेरी. प्रत्येक मणी सुईच्या टोकाने भोकात फिरवून बघायचा, धार लागली तर बाजूला. फासा नाही, माळ अखंड, डोक्यावरून घालायची, शेवटची गाठ मण्याच्या आत ओढून घ्यायची. तरीही माळ कधीतरी तुटणारच. त्या घरात तुटलेल्या माळेचे मणी वेचून माद्रिनांकडे आणतात आणि पुढचं त्या ठरवतात. नायलॉनची माळ वर्षानुवर्षं तुटली नसती, हा आमच्या दृष्टीने गुण होता. त्यांना तो गुण वाटत नव्हता.

परतताना बसमध्ये ताई म्हणाल्या, “हे आपल्या माळकऱ्यांसारखं आहे गं.” त्यांचे वडील माळकरी होते. तुळशीची माळ आळंदीत कुणाही दुकानात मिळते, पण ती घेऊन कुणी माळकरी होत नाही. ती समाधीला लावतात, महाराजांच्या हातून गळ्यात घेतात, आणि तिथून पुढे मांस-मद्य सुटतं, पंढरीची वारी लागते. दुकानदाराने ‘ही माळ घाला, विठ्ठल भेटेल’ अशी चिठ्ठी लावली तर वडील काय म्हणाले असते, हे ताईंनी बोलून दाखवलं नाही. चिठ्ठ्या माझ्या होत्या.

जूनमधल्या म्हातारीने विचारलेल्या प्रश्नाचा अर्थ मला त्या बसमध्ये कळला.

पुढे काय झालं

नवे मणी माद्रिनांनी त्यांच्या ओळखीच्या ठिकाणाहून आणले. चेक प्रजासत्ताकातल्या याब्लोनेत्स भागातली काच, रंग आरपार. ताईंनी तरीही बोळा फिरवला आणि एक रात्र कोमट मिठाच्या पाण्यात मणी ठेवले. पाणी स्वच्छ राहिलं. पाच माळा चार संध्याकाळींत झाल्या. मजुरी घ्यायची नाही असं ताईंनी ठरवलं होतं, पण माद्रिनांनी माळेमागे 12 डॉलर हातात ठेवलेच. विधीला आम्ही नव्हतो, ती जागा आमची नव्हती. मुलीने नंतर भेटून पांढऱ्या पोशाखातला एक फोटो दाखवला, माळा कपड्याच्या आत, फक्त गळ्याशी पिवळ्याची एक रेघ.

टेबलावरच्या उरलेल्या तेवीस माळा ताईंनी उसवल्या. माझ्या चिठ्ठ्या मी फाडल्या. त्या शरदात ताईंची कमाई जवळपास एक तृतीयांशाने खाली आली, हे लपवण्यात अर्थ नाही. हिवाळ्यात त्या घरातून ओवणीचं थोडं काम आलं. बोटानिकांतही न धुतलेल्या माळा विकल्या जातात आणि पुढे घरोघरी धुतल्या जातात, त्यामुळे बाहेरच्या हाताने ओवलेलं या घराला चालतं. सगळ्यांना चालतं असं नाही. दुसऱ्या एका घराने स्वच्छ शब्दांत नकार दिला: आमच्याकडे दीक्षा घेतलेलेच ओवतात. नायजेरियातल्या इफा या योरुबा परंपरेत दीक्षा घेतलेली एक बाई आली, तिला ओरुनमिला या देवतेसाठी हिरवे-तपकिरी मणी हवे होते. क्यूबन घरांत तेच हिरवे-पिवळे असतात. माझ्या जुन्या चिठ्ठीवर एकच जोडी होती, आणि तीच खरी असल्याच्या थाटात.

टेबलावरची रिकामी जागा अकीकाने भरली. ताईंकडे पुण्याहून आणलेले तांबडे अकीक पडून होते, खंभातचे. हा दगड गुजरातेत रतनपूरच्या खाणींतून निघतो, मातीच्या मडक्यांत भाजला की त्यातल्या लोहामुळे लाल होतो, आणि शतकानुशतकं खंभातहून जहाजांनी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जात आला. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगीजाने त्या व्यापाराची नोंद केली आहे. रतनपूरच्या टेकडीवर बावा गोर यांचा दर्गा आहे. हे आफ्रिकेतून आलेले संत. सिद्दी त्यांना पूर्वज मानतात आणि अकीकाच्या धंद्याशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. आफ्रिका आणि आपला किनारा यांना जोडणारा हा मणी ताईंना स्वतःच्या तोंडाने सांगता येतो. त्या माळांची चिठ्ठी मी लिहिली, पण आधी मसुदा ताईंना वाचून दाखवला. ‘संरक्षण’ हा शब्द त्यांनी काढायला लावला.

वेगळं काय करता आलं असतं

जूनमध्येच थांबता आलं असतं. एका अनोळखी बाईने योग्य प्रश्न विचारला होता आणि आम्ही तिला उलट विचारलंसुद्धा नाही, “म्हणजे काय?” हा सगळ्यात स्वस्त टप्पा होता.

चिठ्ठ्या लिहिताना मी सात-आठ ठिकाणी वाचलं आणि सगळीकडे तेच सापडलं म्हणून ते खरं धरलं. ते सगळे एकमेकांवरून उतरवत होते. ओचून ही नायजेरियातली वाहती नदी आहे, तिच्या काठचं ओसोग्बोचं पवित्र वन 2005 पासून जागतिक वारसा यादीत आहे, तिथे दर ऑगस्टला उत्सव भरतो. ‘प्रेमाची देवी’ एवढ्यात मी ते उरकलं होतं. बर्गनलाइन अॅव्हेन्यू आमच्यापासून बसने वीस मिनिटांवर. कुणालाही विचारता आलं असतं.

विचारलं असतं तर सांगितलं असतं का, ही शंका मला आहे. या धर्माच्या लोकांना बाहेरच्यांच्या चौकश्यांचा अनुभव फारसा चांगला नाही. फ्लोरिडातल्या हायलीया शहराने त्यांचे विधी रोखायला कायदे केले आणि ते रद्द करून घ्यायला थेट सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं, 1993 साली. माद्रिनांनी आम्हाला दोरा, मणी, गाठ यांबद्दल सगळं सांगितलं. पाण्यात काय असतं ते सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

कारागिरीच्या बाजूने दोन बदल ताईंनी कायमचे केले. प्रत्येक नव्या पाकिटातले दहा मणी बोळा आणि रात्रभराचं पाणी या कसोटीतून जातात, माळ कुणासाठीही असो. आणि मागणी घेताना पहिला प्रश्न असतो, “ही कुणाच्या हातून गळ्यात पडणार आहे?” काही गिऱ्हाइकं गोंधळतात आणि शेजारच्या टेबलाकडे जातात.

एका गोष्टीवर आमचं अजून एकमत नाही. आधी विकल्या गेलेल्या चाळीसेक माळा आजही कुणाकुणाच्या गळ्यात आहेत, ‘प्रेम खेचून आणते’ या चिठ्ठीसकट. मला वाटतं, ज्यांचे पत्ते आहेत त्यांना तरी कळवावं. ताई म्हणतात, त्यांना आता काय सांगणार, लाल माळ घेऊन गेलेल्यांना मात्र मणी बदलून देते म्हणून कळव. तशी अकरा पत्रं गेली. तीन माळा परत आल्या. तिन्ही ताईंनी नव्या मण्यांनी, वेगळ्या रंगांत गाठवून दिल्या.